कालवण, करी आणि चिंचणीचा ताम्रपट

इ. स. ९२६ च्या एका ताम्रपटात संजाण बंदरातल्या अन्नछत्राची हकीकत आहे. संजाण आज गुजरातेत, वलसाड जिल्ह्यात येते. या छत्रात येणाऱ्याजाणाऱ्यांना तीन गोष्टी फुकट वाढल्या जात. शाली तांदळाचा भात, 'करी' आणि तूप. शिवाय तिथल्या दोन प्रवाहांवर नावाड्याला पैसे न देता पलीकडे जाण्याची सोय होती. ही दोन्ही कामे करणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब वंशाचा होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती सुगतिप असे येते, आणि 'मधुमती' हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप असावे असे अभ्यासक मानतात. संजाणचे मंडळ त्याच्याकडे राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने सोपवले होते. ताम्रपट मात्र त्याच्यानंतरचा राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतला आहे.

हा ताम्रपट सापडला चिंचणीला. डहाणू तालुक्यातले, तारापूरच्या शेजारचे हे किनाऱ्यावरचे गाव. १९५५ साली येथे काही जुने ताम्रपट मिळाले, तेव्हा हा भाग मुंबई राज्याच्या ठाणे जिल्ह्यात होता. (पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला.) पुराभिलेखांचे मोठे जाणकार दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले आणि 'एपिग्राफिया इंडिका'च्या ३२ व्या खंडात प्रसिद्ध केले. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यात रस वाटला तो अर्थातच दुसऱ्या कारणांसाठी. राष्ट्रकूट राजाचा अरब मांडलिक, देवीच्या नैवेद्यासाठी आणि ब्राह्मणांच्या भोजनासाठी त्याने दिलेले दान, दहाव्या शतकातल्या किनाऱ्यावरचे हे मिश्र जीवन, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जेवणाच्या ओळीकडे फारसे कोणी थांबून पाहिले नाही.

वर्गात ही हकीकत सांगितली तर मात्र मुले नेमकी तिथेच थांबतील. "करी म्हणजे कसली? माशाची की भाजीची?" आणि एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी पुढे विचारील, "करी म्हणजे नुसता रस्सा, की रश्शात जे शिजवले तेही?" हा दुसरा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच अवघड आहे. आपण त्याच्याच मागे जाऊ.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारानेच द्यावे लागते. त्या करीत काय नव्हते हे खात्रीने सांगता येते. मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता. ही तिन्ही अमेरिका खंडातली पिके. ती आपल्याकडे सोळाव्या शतकात आणि त्यानंतर, युरोपीय जहाजांबरोबर आली. म्हणजे आज 'करी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा लालभडक रंग त्या पानावर नव्हता. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते. हळद, धने, मोहरी, हिंग होते. चिंच तर होतीच. चिंचणीच्या नावातही ती दिसते. आणि नारळ? नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यात नानंगोल गावातल्या हजारो नारळाच्या झाडांच्या दानाचा उल्लेख आहे. नानंगोल म्हणजे संजाणजवळचे नारगोळ, असे मानले जाते. गंमत अशी की उषवदातानेही नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या होत्या आणि त्या नद्यांच्या यादीत 'दाहनुका' हे नाव आहे. आपली डहाणूची नदी ती हीच. म्हणजे सुगतिपाच्या सातआठशे वर्षे आधीपासून या किनाऱ्यावर तेच पुण्यकर्म चालू होते. माणसांना पाणी ओलांडून द्यायचे आणि जेवू घालायचे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. 'करी' हा शब्द ताम्रपटातला नाही. ताम्रपट संस्कृतात आहे, आणि 'करी' आहे सरकारांनी १९५० च्या दशकात लिहिलेल्या इंग्रजी सारांशात. त्यांनी तिथे 'करीज' असे अनेकवचन वापरले आहे. असे करणारे ते पहिले नव्हेत. जॉर्ज टर्नर याने श्रीलंकेच्या 'महावंस' या पाली ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८३७ साली छापले. त्यातला एक माणूस तूप घातलेला भात अनेक 'करीं'बरोबर जेवतो. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये आपला 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला तेव्हा हे वाक्य त्यांनी करीचा जुना दाखला म्हणून घेतले, आणि खाली प्रामाणिकपणे नोंदवले की मूळ पाली शब्द 'सूप' आहे. सूप म्हणजे डाळीचे कालवण, आपल्या वरणाचा पूर्वज. स्वयंपाक्याला संस्कृतात सूपकार म्हणतात ते त्यावरूनच. वरणाची करी झाली ती भाषांतरात!

तेव्हा 'करी' या शब्दाने इतके सगळे पोटात घेण्याची सवय कुठून लावून घेतली ते पाहिले पाहिजे. ती सवय लागली आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर.

शब्द मूळचा दक्षिणेचा. तमिळमध्ये 'करी' म्हणजे भाताबरोबर खायचे चवदार तोंडीलावणे. जुन्या तमिळमध्ये त्याचा एक अर्थ मिरी असाही होता. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि 'कारील' केला. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे, आणि मुंबईचे बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात तो सांगतो की येथले लोक कोंबडीचे आणि मांसाचे पदार्थ करतात, त्यांना कारील म्हणतात. ऑर्टाच्या लेखी कारील हा एक पदार्थ आहे. त्यात कोंबडी आहे.

वीस वर्षांनी, १५८३ साली, यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा तरुण डच माणूस गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून आला. पाच वर्षे राहिला. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये हॉलंडात आणि १५९८ मध्ये इंग्रजीत निघाले. तो लिहितो की मासे बहुधा भाताबरोबर खातात. माशांचा रस्सा करतात आणि तो भातावर ओततात. तो जरा आंबट असतो, कच्च्या द्राक्षांत शिजवल्यासारखा, पण चवीला चांगला. आणि त्याला म्हणतात कारील. येथे कारील म्हणजे भातावर ओतायची वस्तू! मासा आहे, पण बाजूला. लिन्सखोटेनला चिंच, कोकम किंवा कैरी यांपैकी काय खाऊ घातले गेले ते त्याच्या द्राक्षांवरून ठरवता येत नाही, पण ज्याने आगोळ घातलेले माशाचे कालवण खाल्ले आहे त्याला वर्णन लगेच पटेल.

तिसरा साक्षीदार इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले. तो १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि चौल, गोवा करीत कालिकतपर्यंत गेला. त्याचे वर्णन सगळ्यांत बारकाईचे आहे. लोणी, नारळाच्या गराचे दूध, वेलदोडे, आले आणि इतर मसाले यांचे एक मिश्रण करतात. त्यात भाज्या, फळे घालतात. ख्रिस्ती लोक सगळेच खात असल्यामुळे मासे, मांस, कधी अंडीही घालतात. आणि हे सगळे भरपूर भातावर घेतात. म्हणजे आधी एक आधारभूत रस, मग त्यात हवे ते. देल्ला वाल्लेच्या लेखी रस ही मुख्य गोष्ट आहे आणि आत काय घालायचे हा ज्याच्या त्याच्या धर्माचा प्रश्न आहे.

एकाच किनाऱ्यावर, साठ वर्षांच्या आत, तीन डोळस माणसे एकाच शब्दाचे तीन अर्थ सांगतात. कोणीही चुकीचे सांगत नाही. प्रत्येकाने जेवणाचा वेगळा क्षण पाहिला, इतकेच. ऑर्टाने भांडे पाहिले, लिन्सखोटेनने पान पाहिले, देल्ला वाल्लेने स्वयंपाक पाहिला.

शब्द पुढे इंग्लंडात गेला तेव्हा त्याचे जे झाले ते थोडक्यात सांगतो. हॅना ग्लासच्या १७४७ च्या पाकपुस्तकात 'हिंदी पद्धतीची करी' आहे. दोन कोंबड्या किंवा ससे, कांदे, तीस मिरीदाणे, चमचाभर तांदूळ आणि स्वच्छ फावड्यावर भाजलेले धने. हळदसुद्धा नाही! चमचाभर तांदूळ रसाला दाटपणा यावा म्हणून असणार. जे आपल्याकडे पानावरचे मुख्य अन्न होते ते तिकडे भांड्यात जाऊन मसाल्यासारखे वापरले गेले. १७८४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागातले एक अत्तराचे दुकान तयार करी पावडरीची जाहिरात करीत होते. म्हणजे चाळीस वर्षांत पदार्थापासून रस सुटला आणि रसापासून भुकटी सुटली. आता करी डबीत मावू लागली आणि कशावरही टाकता येऊ लागली. इंग्रजी 'सॉस'ची चाल तीच आहे. तो वेगळा करायचा, वेगळ्या भांड्यात ठेवायचा, आणि शिजलेल्या मांसावर ज्याने त्याने घ्यायचा. त्या चौकटीत आपले कालवण बसवायचे तर त्याचे दोन तुकडे करावेच लागतात.

हॉब्सन-जॉब्सनकारांना हे कळले होते असे वाटते. करीची व्याख्या करताना ते सुरुवात धान्यापासून करतात. पूर्वेकडे मुख्य अन्न म्हणजे भाकरी किंवा भात, त्याला स्वतःची चव थोडी, म्हणून थोडेसे चमचमीत काही सोबत घ्यायचे. जुन्या इंग्रजीत अशा सोबतीला 'किचन' म्हणत, असेही ते सांगतात. स्वयंपाकघराला जो शब्द आहे तोच भाकरीबरोबरच्या चिमूटभर चवीला! आपल्याकडचा 'कोरड्यास' नेमका याच जातीचा.

आता आपले शब्द मांडून पाहा. आमटीचे नाते आम्लाशी, म्हणजे चवीवरून नाव. कढी कढवतात म्हणून कढी. रस्सा म्हणजे रस, तेथे नाव पातळ भागाला आहे. पण तीन शब्द वेगळे आहेत. देशावर भाकरी कोरडी, म्हणून तिच्यासाठी जे काही ओले करायचे ते कोरड्यास. चव बदलायला तोंडी लावायचे ते तोंडीलावणे. आणि भात ज्यात बोटांनी कालवायचा ते कालवण. (किनाऱ्यावरच्या मुलांना येथे 'कालवं' आठवतील. ती शिंपल्यातली. त्यांचेही कालवण होते, पण शब्द वेगळा.) या तीन शब्दांत भांड्यात काय आहे याचा पत्ताच नाही. नाव पडले आहे ते पानावरच्या कामावरून. म्हणूनच "कालवण म्हणजे रस्सा की मासा?" या प्रश्नाला चिंचणीतली कोणीही आजी नीट उत्तर देणार नाही. "जे भातात कालवायचं ते," असे म्हणून ती मोकळी होईल. आणि नुसता मासा उचलून खाल्ला तर पोराला म्हणेल, "कालवण घे की."

धान्याचा प्रकार बदलला की रसाचा दाटपणा बदलतो, हेही येथेच नोंदवून ठेवू. भाताची शिते सुटी असतात. त्यांच्या फटींतून पातळ रस झिरपतो आणि प्रत्येक शिताला वेढतो. भाकरीचा तुकडा मात्र चमच्यासारखा वापरायचा असतो. त्यावर पातळ रस टिकत नाही, म्हणून बेसन, दाण्याचा कूट किंवा भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण लावून तो दाट करतात. डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांवर नाचणीच्या भाकरीबरोबर चटणी किंवा भाजलेला सुका बोंबील पुरतो. समुद्राजवळ, भाताच्या पानावर, तोच बोंबील ओला होऊन कालवणात जातो.

रस आणि पदार्थ यांच्या नात्याचा आपल्याकडचा सगळ्यांत जुना काटेकोर विचार पाकशास्त्रात शोधायला गेलो तर सापडत नाही. तो आहे व्याकरणात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत.

चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादात पाणिनीने प्रत्ययांचे नियम दिले आहेत. त्यांतले तीन आपल्या कामाचे. तिसऱ्या सूत्रात 'संस्कृत', म्हणजे अमुक वस्तूचा संस्कार करून तयार केलेले. बाविसाव्यात 'संसृष्ट', म्हणजे अमुक वस्तू मिसळलेले. सव्विसाव्यात 'उपसिक्त', म्हणजे अमुक व्यंजन वरून ओतून ओले केलेले. सातव्या शतकातल्या काशिका या टीकेने उदाहरणे दिली आहेत. दह्याने संस्कारलेले ते दाधिक. दही मिसळलेले तेही दाधिक. दही ओतलेले तेही दाधिकच. मिरीचे मारीचिक आणि आल्याचे शार्ङ्गवेरिक अशीही उदाहरणे तेथे आहेत. तिंतिडीक म्हणजे बहुतेकांच्या मते चिंच, तिने संस्कारलेला पदार्थही टीकाकाराने सोडलेला नाही.

शब्द कानाला एकच ऐकू येतो, पण क्रिया तीन आहेत, म्हणून पाणिनीने नियमही तीन केले. 'करी' या शब्दाबद्दल ऑर्टा, लिन्सखोटेन आणि देल्ला वाल्ले यांच्यात जो घोळ दिसतो तो 'दाधिक'मध्ये दोन हजार वर्षे आधीच होता. फरक इतकाच की येथे कोणीतरी तो नीट उलगडून ठेवला होता.

याच्याही पुढे जाऊन समासांच्या प्रकरणात (दुसरा अध्याय, पहिला पाद, सूत्रे ३४ व ३५) पाणिनी आणखी एक रेघ मारतो. दही घालून भात केला की दध्योदन. येथे भात हे अन्न आणि दही हे व्यंजन. गूळ घालून लाह्या-धाणे केले की गुडधाना. येथे गूळ व्यंजन नव्हे, त्याला वेगळे नाव, मिश्रीकरण. दहीभातात दही भाताला चव आणते, पण भात भातच राहतो. गूळधाण्यात दोन्ही मिळून तिसरेच काहीतरी होते. दहीभात आणि चिक्की यांतला फरक म्हणा ना.

'व्यंजन' हा शब्द तुमच्या वर्गात रोज येतो, पण दुसऱ्या तासाला. क, ख, ग ही व्यंजने. धातू एकच, अञ्ज्. त्यापासून अंजन, अभ्यंजन आणि व्यंजन. माखणे, लावणे आणि त्यामुळे उजळून दिसणे असा त्याचा अर्थ. स्वर स्वतंत्र उच्चारता येतो, व्यंजनाला स्वराचा आधार लागतो. भात नुसता खाता येतो, व्यंजन नुसते खात नाहीत. व्याकरणाच्या तासाला हे एकदा सांगून पाहा. स्वर-व्यंजन मुले पुन्हा विसरत नाहीत असे नाही, पण तास जरा सुगंधी होतो.

पाणिनीचे तीन प्रकार घेऊन आता आजच्या स्वयंपाकघरात जाऊ.

मिसळ हे 'उपसिक्त'चे उत्तम उदाहरण. मटकीची उसळ वेगळी शिजते, कट किंवा तर्री वेगळी होते, आणि दोघांची गाठ बशीत पडते. फरसाण कुरकुरीत राहते ते म्हणूनच. 'संसृष्ट' पाहायचे तर कोणत्याही हॉटेलच्या भटारखान्यात जावे. सकाळीच कांदा-टोमॅटोची लाल, काजूची पांढरी अशा दोनतीन ग्रेव्ह्या करून ठेवतात. मागणी येईल तसे आत पनीर, मटार किंवा कोंबडीचे उकडलेले तुकडे टाकतात. नावे वीस, रस तीन. 'ग्रेव्ही' हा शब्द मराठीत रुळला तो याच वाटेने, आणि घरोघरी "भाजी काय?" ऐवजी "ग्रेव्ही कसली?" असे विचारले जाऊ लागले. यात वाईट काही नाही, मात्र ही वस्तू कालवण नव्हे असे माझे मत आहे. त्याचे कारण रसायनशास्त्रात सापडते.

बोंबलाचे कालवण म्हणजे 'संस्कृत'. ओल्या बोंबलात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. तेल, लसूण, हळद, तिखट, चिंचेचा कोळ घालून रस आधी उकळायचा आणि बोंबील अगदी शेवटी सोडायचे. मग पळी घालायची नाही, भांडेच धरून फिरवायचे, नाहीतर तुकड्यांचा लगदा होतो. या पाचसात मिनिटांत देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. माशाची प्रथिने साठ अंश सेल्सियसच्या आसपासच घट्ट होतात. त्याच्या सांध्यांतले कोलॅजेन मटणापेक्षा कितीतरी कमी तापमानाला विरघळून जिलेटिन होते आणि रसाला अंग येते. माशाचे पाणी, क्षार आणि चवीची द्रव्ये रसात उतरतात. उलट चिंचेतले टार्टारिक आम्ल माशाकडे जाते. माशाला वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनमुळे. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. आम्लाशी त्याचा क्षार बनला की ते उडून नाकापर्यंत येत नाही. आंबटाशिवाय माशाचे कालवण करीत नाहीत त्यामागे हा व्यवहार आहे. सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथातही माशाचे तुकडे चिंचेच्या कोळात शिजवायला सांगितले आहेत. तेव्हा बोंबील काढून घेतल्यावर मागे राहतो तो रस बोंबलाचाच असतो. तो आधी वेगळा करून ठेवता येत नाही.

सगळ्याच गोष्टी मात्र सारख्या वेगाने आत जात नाहीत. हे वर्गात सहज दाखवता येते. बटाट्याचे एक आणि दोन सेंटिमीटर बाजूचे काही घन कापा. मीठ आणि हळद घातलेल्या पाण्यात ते शिजवा. दहाबारा मिनिटांनी एकेक काढून मधोमध चिरा. पिवळा रंग कडेला पातळ रेघेसारखा दिसेल, आत बटाटा पांढराच. जिभेला मात्र मीठ रंगाच्या बरेच पुढे गेलेले कळेल, निदान लहान घनात. उरलेले घन त्याच पाण्यात काही तास ठेवा, पुन्हा उकळा आणि पाहा. आता मोठ्या घनाच्या मध्यालाही मीठ लागते, हळद मात्र अजून दारातच. मिठाचे आयन लहान आणि पाण्यात सुखाने विहरणारे. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आणि विसरणाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे चौपट लागतो. शिळे कालवण अधिक चांगले लागते, या सर्वमान्य सत्याचे निम्मे स्पष्टीकरण येथे आहे.

दुसरे निम्मे तेलात आहे. परीक्षानळीत थोडे पाणी, थोडे तेल आणि चिमूटभर हळद घालून हलवा. स्थिर झाल्यावर पिवळेपणा बहुतांशी वरच्या तेलात दिसेल. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा, मिरी-आल्यातली उग्र द्रव्ये, सुगंधी तेले, ही सगळी स्निग्धाला चिकटणारी मंडळी. म्हणून रश्शात दोन रस्से असतात. खालचा पाण्याचा, ज्यात मीठ आणि आंबट असते. वरचा तेलाचा, ज्यात रंग, वास आणि तिखट असते. नारळाचे दूध घातले की ही दोन घरे एक होतात, कारण ते मुळातच पाण्यात विखुरलेले स्निग्ध आहे.

हे लक्षात घेऊन संजाणच्या त्या पानाकडे पुन्हा पाहू. भात, करी, तूप. तूप वेगळे का सांगितले असेल? दान मोठे दिसावे म्हणून, हे एक कारण उघड आहे. तूप महागच. पण पानावरही त्याचे स्थान वेगळे आहे. ते उपसिक्त आहे, शेवटी वरून पडणारे. हजार माणसांच्या पातेल्यात मिरी-आल्याचा रस उकळत राहिला तर त्यातला वास वाफेबरोबर जायचा. गरम भातावर तो रस आणि त्यावर तूप घेतले की उरलेला वास तुपात धरला जातो आणि जिभेवर रेंगाळतो. आपण वरणभातावर तूप घेतो ते याच क्रमाने.

आणि तेल? त्याचा उल्लेख चिंचणीच्याच दुसऱ्या एका ताम्रपटात येतो, शके ९५६ म्हणजे इ. स. १०३४ मधल्या. तोवर राष्ट्रकूट जाऊन शिलाहार आले होते. त्यांचा मांडलिक चामुंडराज याने संजाणच्या मठिकेला तेलाचा एक घाणा दान दिला. त्या तेलाने देवीपुढे दिवा लावायचा होता आणि दूरवरून चालत आलेल्या विद्वान पाहुण्यांच्या पायांना ते चोळायचे होते.